लोणच्याच्या बरणीचा भाग

विनोदी मालिका बघताना मला आधी भीती वाटते, हसू मागून येतं. कधी येतच नाही. टीव्हीवर कुणीतरी काही लपवायला लागतं. दारावरची बेल वाजते, तो माणूस घाईघाईने वस्तू उशीखाली सारतो, बघणारे खदखदून हसतात, आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते. आता सापडणार, आता याला सगळ्यांसमोर बोलणार, असं होतं मला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणतात, "अगं, ते खोटं हाय. रोज करतात ते, त्यांचा धंदाच हाय तो." मलाही ते कळतं. पण कळून भीती जात नाही.

आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता एक जुनी मालिका परत लागते. सरकारी वसाहतीत राहणाऱ्या चार घरांची गोष्ट. तिचा लोणच्याच्या बरणीचा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. नांदगाव तालुक्यातलं आमचं गाव. टीव्ही फक्त ग्रामसेवकाच्या घरी होता आणि आम्ही पोरी खिडकीच्या गजांना धरून बाहेरून बघायचो.

त्या भागात तळमजल्यावरच्या काकू महिनाभर लेकीकडे जातात. त्यांच्याकडे बारा वर्षं मुरलेलं लिंबाचं लोणचं असतं. काळं झालेलं, औषधासारखं जपलेलं. ती बरणी त्या शेजारच्या कारकुनाकडे ठेवायला देतात. एक दिवस कारकुनाचं तोंड कडू होतं, तो चमचाभर खातो. दुसऱ्या दिवशी परत. मग घाबरतो आणि गुपचूप नवी लिंबं चिरून बरणीत टाकतो. त्याला माहीत नसतं की त्याच्या बायकोनेही वाटीभर काढून वरच्या मास्तरांना दिलंय आणि तिनेही भीतीने गूळ घालून बरणी भरलीय. मास्तरही एकदा घरात कुणी नसताना येतात, खातात, आणि खजूर वाटून आत घालून जातात. काकू परत येतात तेव्हा बरणी गळ्यापर्यंत भरलेली. तोंडाला बांधलेलं दादऱ्याचं फडकं वर फुगलेलं. काकू बरणीकडे बघतात आणि म्हणतात, "मी तर पाऊणच ठेवली होती."

लहानपणी मी इथवरच पाहिलं. काकूंनी दादऱ्याच्या गाठीला हात लावला आणि मी गज सोडून घरी पळाले. बाकीच्या पोरी दुसऱ्या दिवशी हसून हसून सांगत होत्या, पण मी कान झाकले. शेवट मला थेट लग्नानंतर कळला, आत्याबाईंच्या शेजारी बसून. काकू बोटाने चाटून बघतात, परत एकदा चाटतात, तिघंही भिंतीला टेकून उभी, आणि मग काकू म्हणतात, "यंदा चांगलं मुरलंय." बस्स. एवढंच.

तो भाग मी आता किती वेळा पाहिला असेल. घाबरत बघते म्हणून फार बारीक बघते. मला वाटतं त्यात कुणी वाईट नाही म्हणून हसू येतं. कारकुनाला काकूंना फसवायचं नाही, त्याला नुसती लाज झाकायची आहे. आणि आपल्याला सगळं माहीत असतं. कारकुनाला बायकोचं माहीत नाही, बायकोला मास्तरांचं माहीत नाही, आपण मात्र बाहेर बसून तिघांचंही बघत असतो. पडद्यावरचं कुणीही हसत नाही, ही फार मोठी गोष्ट. कारकून खरंच घाबरलेला दिसतो. तो घाबरला की समोरच्याची उगाच स्तुती करायला लागतो, हे आपल्याला आधीच्या भागांतून ठाऊक असतं. काकू दारात दिसल्या की तो काय करणार हे माहीत असूनही आत्याबाई माझ्या मांडीवर हात मारून म्हणतात, "आता बघ, आता बघ." आणि तो म्हणतो, "काकू, प्रवासाने काय तेज आलंय तुमच्या चेहऱ्यावर!" आत्याबाई दर वेळी नव्याने हसतात. माहीत असलेलंच परत घडणार आणि ते बरोबर त्याच जागी घडणार, याचंही एक सुख असतं. नव्या मालिकांत पात्रं क्षणाक्षणाला बदलतात. मग वाट कशाची बघायची?

अजून एक आहे. कुणी एक जण खरं बोलला तर तो भाग तिथेच संपेल. पहिल्याच दिवशी कारकून म्हणाला असता, काकू, मी चमचाभर खाल्लं, तर पुढे काहीच नव्हतं. गप्प राहण्यावरच सगळा भाग चालतो. हे मला मागच्या वर्षी द्राक्षाच्या सीझनमध्ये नीट कळलं.

आमचं घर पंचवटीत. आमचे मालक, आत्याबाईंचा मुलगा, टेम्पो चालवतात, माल घेऊन आठ-आठ दिवस हायवेला असतात. सीझनला मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये जाते. सकाळी आडगाव नाक्यावरून गाडी आम्हा बायकांना घेऊन जाते आणि संध्याकाळी सोडते. काम द्राक्षाचे घड साफ करायचं. टेबलावर घड घ्यायचा, कात्रीने फुटका, बारीक, डागाळलेला दाणा काढायचा आणि घड प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा. डब्या खोक्यात, खोकी थंड खोलीत, आणि तिथून कंटेनरने परदेशात. आत जाताना डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, अंगात अ‍ॅप्रन. बांगड्या काढायच्या, कानातलं काढायचं, गळ्यातलं काढायचं. हा तिथला पहिला नियम.

आत्याबाईंचा नियम उलटा. मुलगा रस्त्यावर गाडी चालवतो, तेव्हा सुनेने गळ्यातली मंगळसूत्राची पोत क्षणभरही काढायची नाही.

मी आत्याबाईंना सांगितलं होतं की तिथे पोत चालते. पॅकहाऊसच्या मॅडमना सांगितलं होतं की मी पोत घरी काढून येते. दोघींचाही विश्वास बसला. मी मुळात फार कमी बोलते. जी बाई बोलतच नाही, ती खोटं बोलत असेल असं कुणाच्या मनात येत नाही. रोज गाडीत मी पोत आखूड पिळून ब्लाऊजच्या आत पिनेने टोचून ठेवायची आणि अ‍ॅप्रनचं वरचं बटण लावायची. दोन सीझन असे गेले. रोज फाटकातून आत जाताना मी ते बटण चाचपून बघायची.

त्या दिवशी काळी द्राक्षं होती. अकराच्या सुमारास मी वाकून क्रेट उचलला. त्याची कड छातीला घासली आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. आमच्यात पोत तुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण माझ्या मनात तुटली असंच आलं आणि त्याने मी जास्तच गळाले, कारण मालक त्या वेळी इंदूरच्या रस्त्यावर होते. मी एका हाताने छाती दाबून धरली. तरी काही मणी अ‍ॅप्रनखालून टेबलावर सांडले. टपटप असा अगदी बारीक आवाज. काळ्या द्राक्षांत काळे मणी. मला पडताना दिसले आणि लगेच दिसेनासे झाले.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी थांबले नाही. पुढचा घड उचलला, साफ केला, डबीत ठेवला, डबी पुढे सरकवली. अशा किती डब्या सरकवल्या कुणास ठाऊक. शेजारची मावशी, आमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई, तिच्या सुनेच्या डोहाळ्यांचं सांगत होती आणि मी मान हलवत होते. हात आपोआप चालत होते. मग मी बाथरूमला जाते म्हणून सांगितलं आणि तिथे पोत काढून पाहिली. दोन्ही वाट्या सापडल्या. निऱ्यांत अडकलेले मणी निघाले. ते रुमालात बांधले. बाकीचे कुठे ते मला माहीत होतं.

परत टेबलाशी आले तेव्हा आमची बरीच खोकी थंड खोलीत गेली होती. कंटेनर संध्याकाळी भरायचा होता. मला एकच चित्र दिसत होतं. कुठल्यातरी लांबच्या देशात एक लहान पोर डबी उघडतं, मूठभर द्राक्षं तोंडात कोंबतं आणि त्यात माझा मणी. दाताखाली आला तर दात जाईल. घशात गेला तर? पुढे विचार करवत नव्हता. बोलले तर काम जाणार, सगळ्यांसमोर खोटी ठरणार. नाही बोलले तर ते पोर.

मला तो कारकून आठवला. इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडायचे, एकदा बोलून का टाकत नाही हा? आता कळलं. बोलायची वेळ दर मिनिटाला मागे जाते. सव्वाअकराला सांगणं सोपं होतं, साडेअकराला अवघड, बाराला त्याहून अवघड. लोणच्याचं बरं, कुणी कितीही चाटलं तरी तोंड आंबट होण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून बघणाऱ्यांना निवांत हसता येतं. त्या बरणीत काच पडली असती तर कुणी हसलं असतं का?

जेवणाची सुट्टी झाली. बायका डबे घेऊन बाहेर गेल्या. मी मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. मॅडम माझ्याहून लहान, नाशिकरोडच्या, शिकलेल्या.

"काय गं, जेवलीस का?"

"हो."

"मग?"

"नाय. नाय जेवले."

"दोन्हीतलं एक काहीतरी सांग बाई," मॅडम हसल्या.

 मी रुमाल त्यांच्यापुढे ठेवला आणि उघडला. त्यांनी वाट्या पाहिल्या, मणी पाहिले, मग माझा गळा पाहिला.

"तू घरी काढून येतेस ना?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"कुठे तुटली? इथे? टेबलावर?" त्या उभ्याच राहिल्या. "कधी?"

"अकराला."

"आणि आता सांगतेस?"

अकरापासूनची आमच्या टेबलाची सगळी खोकी बाहेर काढली. खोक्यावर टेबलाचा नंबर असतो, म्हणून निदान ती ओळखता आली. टेबलावरच्या सगळ्या बायकांना जेवणावरून उठवून आणलं. मावशीला कळलं तशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वर्षभर हिच्या तोंडातून शब्द निघत नाय, आणि निघाला तर असा निघाला!"

डब्या उघडून शोधायला लागलो. थोड्या वेळात तीन मणी निघाले.

"किती होते एकूण?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाय."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"अठरा."

"अठरा वर्षं गळ्यात घालतेस आणि किती मणी आहेत ते माहीत नाही?"

मावशी खोक्यावरून मान वर न करता म्हणाली, "मॅडम, तुमच्या मंगळसूत्रात किती हायत?"

मॅडमचा हात गळ्याकडे गेला. गळा अर्थातच मोकळा होता. त्या क्षणभर आठवायला लागल्या, ओठ हलले, आणि त्यांना सांगता येईना. टेबलावरच्या सगळ्या बायका फिसकन हसल्या. मॅडमसुद्धा हसू दाबायला तिकडे वळल्या. मी एकटी हसले नाही. मला वाटलं, हे कुणी बाहेरून बघत असेल तर त्याला फार मजा येत असेल.

पण लगेच मॅडमनी सगळ्यांना अ‍ॅप्रनचं वरचं बटण काढायला लावलं. अजून तिघींच्या गळ्यात पोत निघाली. त्यात मावशीही होती. टीव्हीवर सगळ्यांचंच एकदम उघडं पडलं की टाळ्या वाजतात. इथे कुणी टाळी वाजवली नाही. मॅडमनी त्या तिघींचं त्या दिवसाचं काम बंद केलं आणि बाहेर बसायला सांगितलं. जाताना मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोत तुझी वाढली, गळे आमचे उघडे केले." मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

मॅडमनी खोक्यांवर फुली मारली. "ही आता एक्स्पोर्टला नाहीत. लोकलला टाका."

म्हणजे ती द्राक्षं इथेच येणार. नाशिकच्या बाजारात, हातगाडीवर, आमच्याच गल्लीत. लांबच्या पोराऐवजी जवळचं पोर. मी एका दिवसात इतकं कधी बोलले नव्हते, पण बोलले.

"मॅडम, लोकलला पण नको."

"मग काय फेकून देऊ? इथे लोक धुऊन खातात, त्यांना दिसेल."

"मला नाय दिसले. मी बघते सगळी. एकेक घड. माझा आजचा दिवस धरू नका."

मॅडमनी घड्याळात पाहिलं. मग म्हणाल्या, "बस. पण गाडी निघेपर्यंतच."

मागच्या शेडमध्ये मी खोकी घेऊन बसले. घड उजेडात धरायचा, देठाशी बोट घालून बघायचा, हलकेच झटकायचा, डबी उलटी करायची. बघून बघून दाण्यांवर मणी दिसायला लागले आणि हात लावला की द्राक्षच निघायचं. थोड्या वेळाने मावशी आली. गाडी संध्याकाळशिवाय नव्हती, तिला कुठे जाताही येत नव्हतं. ती पाय पसरून समोर बसली.

"सरक. एकटीच्याने काय होणार तुझ्या?"

"मावशी, तुमचा दिवस गेला माझ्यामुळे."

"गेला तर गेला. शिव्या घालायच्यात तुला, लांब बसून घालता येईनात." आणि खरंच घातल्या. शिव्या घालत घालत तिने अर्धी खोकी तपासली. चौथा मणी तिलाच सापडला, घडाच्या अगदी आत, देठाच्या बेचक्यात बसलेला. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटचं खोकं चाललं होतं. ते आम्ही भराभर पाहिलं. जितकं नीट पाहायला हवं होतं तितकं पाहिलं नाही. निघताना मॅडम म्हणाल्या, "परवा ये. बायका मिळत नाहीत म्हणून सांगतेय. गळा मोकळा पाहिजे."

घरी पोचले तेव्हा मालिका सुरू झाली होती. मी पदर गळ्याभोवती घट्ट घेतला होता. आत्याबाईंनी टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "थंडी वाजतीय का?" मग वळून पाहिलं आणि टीव्ही बंद केला. त्या मालिकेच्या मध्ये त्या कधी टीव्ही बंद करत नाहीत. मला वाटलं, आता.

"आधी त्याला फोन लाव," त्या म्हणाल्या.

मालक धाब्यावर जेवत होते. "काय झालं, एवढ्यात कशाला फोन?" म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मी खाली बसले.

पोत ओवून होईपर्यंत गळा मोकळा नको म्हणून आत्याबाईंनी देवघरातून हळकुंड आणलं, दोऱ्यात बांधलं आणि माझ्या गळ्यात बांधायला बसल्या. "आता सांग." मी सांगायला लागले. कशी वाढली, मी कशी डब्या सरकवत राहिले, मॅडमना आधी हो म्हटलं मग नाय म्हटलं. आत्याबाई विचारायला लागल्या, "मग? मग काय म्हणाली ती?" मावशीने मॅडमना किती मणी ते विचारलं, तिथे आत्याबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला नवल वाटलं. मी आयुष्यात कुणाला हसवलं नव्हतं. आणि जे सांगताना माझे हात अजून थंड होते, त्याच्यावरच त्या हसत होत्या. कारण त्यांना ठाऊक होतं की मी धड घरी आले आहे. भाग संपणार आणि सगळे आपापल्या घरी जेवायला बसणार, हे बघणाऱ्याला माहीत असतं. आत असलेल्याला ते माहीत नसतं.

हसता हसता त्या थांबल्या. "म्हणजे दोन वर्षं मला सांगत होतीस की तिथं चालती."

"हो."

 त्या मागे गाठ मारत होत्या, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. गाठ जरा घट्टच बसली. मग म्हणाल्या, "परवा जाताना माझ्याकडं काढून दे. मी घालून बसते गळ्यात, तू येईस्तोवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पोत ओवायला पटवेकऱ्याकडे गेलो. त्याने रुमालातले मणी ताटलीत ओतले आणि विचारलं, "आधी कुठवर यायची?"

मी बोट ठेवून दाखवलं. "इथवर."

"नाय," आत्याबाईंनी माझं बोट एक बोटभर खाली सरकवलं. "इथवर यायची. मी रोज बघते."

"दोरा जुना झाला की लांबतो, आजी," पटवेकरी म्हणाला. "दोघींचंही बरोबर असेल." त्याने नव्या दोऱ्यात सगळे मणी ओवले, वाट्या बसवल्या आणि पोत माझ्या गळ्याशी धरली. ती मी दाखवलं त्याच्याही किंचित वर आली.

"कमी हायत का?" मी विचारलं.

"गाठीत जातं थोडं," तो म्हणाला. "मोजून देऊ का? पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

त्याने नखाने एकेक मणी सरकवत मोजले आणि आकडा सांगितला. आत्याबाईंनी तो दोनदा म्हणून पाठ केला. मी घरी येऊन लिहून ठेवला. पण तो आत्ताचा आकडा. आधी किती होते ते कुणालाच माहीत नाही.